पुस्तके जमवण्यापूर्वी: मोठ्या मुलांच्या प्राचीन इतिहासाची तयारी

बारा ते सोळा वर्षांच्या मुलाला घरीच प्राचीन इतिहास शिकवायचा असे ठरले की पालक बहुधा सर्वांत आधी पुस्तकांची यादी करू लागतात, आणि गडबड तिथेच होते, कारण अभ्यासाची हद्द आखण्याआधी साधने जमवली तर पुढे ती साधनेच हद्द ठरवू लागतात. म्हणून कोणत्या शतकापासून कोणत्या शतकापर्यंत आणि कोणकोणते प्रदेश, हे प्रथम एका कागदावर लिहून काढावे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकच्या परिसरात) इ.स.पू. ३२०० च्या सुमारास लेखन सुरू झाले तिथपासून इ.स. ४७६ मध्ये पश्चिमेकडील रोमन साम्राज्य संपले तिथपर्यंत, ही रूढ चौकट सोयीची आहे. मात्र ती भूमध्य समुद्राच्या काठाने आखलेली आहे, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे. चीनमधील हान राजवट इ.स. २२० मध्येच संपलेली होती आणि गुप्त साम्राज्य ४७६ नंतरही काही काळ टिकून होते. पेरूमधील काराल येथे तर इजिप्तच्या पिरॅमिडांच्या काळातच भव्य वास्तू उभ्या होत्या, पण तिथे लेखन नसल्यामुळे लेखनापासून सुरुवात करणाऱ्या पुस्तकात काराल बहुधा येतच नाही.

साडेतीन हजारांहून अधिक वर्षांचा हा पसारा एका वर्षात आवरत नाही. त्यामुळे सगळीकडून एकदा भरभर फिरून यायचे आणि तीन-चार ठिकाणी मुक्काम करायचा, असे आधीच ठरवावे. मुक्कामाची ठिकाणे निवडताना मुलाची आवड पाहावी, पण तिथली मूळ साधने वाचण्याजोग्या भाषांतरात मिळतात की नाही, हेही पाहावे. राजांच्या आणि लढायांच्या गोष्टी मुलांनी लहानपणी ऐकलेल्या असतात. या वयात त्याच गोष्टी अधिक तपशिलाने सांगणारे पुस्तक आणण्यात फारसा अर्थ नाही. आता प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारायचा, तो म्हणजे ‘हे आपल्याला कसे कळले’ याचा पत्ता ते लागू देते का.

वर्षभर हाताशी राहील असा एक आधारग्रंथ लागतो, आणि त्याची पारख मुखपृष्ठावरून, पानांच्या संख्येवरून किंवा दुसऱ्या पालकांच्या शिफारशीवरून होत नाही. मी ती तीन ठिकाणी पुस्तक उघडून करते. पहिले ठिकाण म्हणजे गिझाचा महान पिरॅमिड. एक लाख माणसे तीन-तीन महिन्यांच्या पाळ्यांनी राबत होती असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो, पण तो स्वतः पिरॅमिड बांधला गेल्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी झाला. उलट तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल्-जर्फ येथे २०१३ मध्ये सापडलेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदांत, मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. तो आपल्या तुकडीसह तुरा येथील खाणीतला चुनखडक नौकांतून गिझाला पोहोचवत होता, आणि ही नोंद तो पिरॅमिड बांधून घेणाऱ्या खुद्द खुफू राजाच्या कारकिर्दीतली आहे. पिरॅमिडाजवळ १९९० पासून कामगारांच्या कबरीही उजेडात आल्या आहेत. जे पुस्तक चाबकाखाली दगड ओढणाऱ्या गुलामांचे चित्र छापून पुढे जाते, ते बाजूला ठेवावे. मेरेरचा उल्लेख नसला तरी चालेल, पण हेरोडोटस कितपत विश्वासार्ह आहे यावर निदान एक वाक्य तरी हवे.

दुसरे ठिकाण मोहेंजोदडोच्या अखेरीचे. तिथे वरच्या थरांत सापडलेल्या सांगाड्यांवरून पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४० च्या दशकात आक्रमकांनी केलेल्या कत्तलीचे अनुमान मांडले होते. ते सांगाडे एकाच प्रसंगातले नाहीत आणि कत्तलीचा पुरावा टिकत नाही, हे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. आज अभ्यासक पर्जन्यमानातील घट, नद्यांचे बदलते प्रवाह आणि लोकांचे हळूहळू झालेले स्थलांतर यांचा विचार करतात. पुस्तक कत्तलीची कथा तशीच सांगत असेल, तर त्याचे प्रकाशनवर्ष अलीकडचे असले तरी आतला मजकूर जुना आहे, असे समजावे. तिसरे ठिकाण कादेशची लढाई, इजिप्त आणि आजच्या तुर्कस्तानातील हित्ती राज्य यांच्यात इ.स.पू. १२७४ च्या सुमारास झालेली. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याने आपला विजय मंदिरांच्या भिंतींवर कोरून घेतला, पण लढाईनंतर कादेश हित्ती लोकांच्याच ताब्यात राहिले. पुढे झालेल्या तहाची एक प्रत इजिप्तमधील कर्नाकच्या मंदिराच्या भिंतीवर आहे आणि दुसरी हित्ती राजधानी हत्तुशा येथील मातीच्या पाट्यांवर. दोन्ही पक्षांची कागदपत्रे टिकून राहिल्याचे इतके जुने उदाहरण क्वचित मिळते, त्यामुळे लेखक ते कसे हाताळतो यावरून त्याची जात कळते. या तिन्ही परीक्षांना मिळून अर्धा तास पुरतो.

आधारग्रंथ ठरला की मूळ साधनांकडे वळावे, आणि वेळ व श्रम खर्च करायचे ते इथेच. संपूर्ण ग्रंथ मुलापुढे ठेवू नये. दोन ते पाच पानांचे उतारे निवडावेत आणि प्रत्येक उताऱ्यासोबत तो कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला याची चार ओळींची ओळख स्वतः लिहून ठेवावी. आंतरजालावर मोफत मिळणारी भाषांतरे बहुधा एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकाच्या आरंभीची असतात. त्यांची भाषा जड असते आणि त्या काळी अवघड वाटलेला मजकूर कित्येकदा गाळलेला किंवा सौम्य केलेला असतो, तेव्हा एका तरी उताऱ्याची दोन भाषांतरे शेजारी ठेवून मुलाला फरक शोधू द्यावेत. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीझचा तो भाग तर अवश्य घ्यावा, जिथे तो कबूल करतो की भाषणे शब्दशः आठवणे कठीण असल्याने त्या त्या प्रसंगी जे बोलणे योग्य ठरले असते तसे आपण लिहिले आहे. हे वाचल्यावर इतिहासपुस्तकांतील अवतरणचिन्हांकडे मुले निराळ्या नजरेने पाहू लागतात.

अशोकाचे शिलालेख या वयासाठी मला सर्वांत उपयोगी वाटतात, कारण ते लहान आहेत, थेट राजाच्या आवाजात आहेत आणि त्यांत शोध घेण्याजोगे पुष्कळ आहे. यांतील बहुतेक लेखांची ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये उलगडली, पण लेखांतला ‘देवानंपिय पियदसि’ म्हणजे अशोकच, हे १९१५ मध्ये कर्नाटकातील मस्की येथे त्याचे नाव असलेला लेख सापडल्यावर पक्के झाले. तेराव्या शिलालेखात पाच समकालीन ग्रीक राजांची नावे आहेत आणि त्यांच्या ज्ञात काळावरूनच अशोकाचा काळ बांधता येतो. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाखांना तिथून नेण्यात आले, असे सांगून पश्चात्ताप व्यक्त करणारा लेखही हाच. मात्र कलिंगमधल्याच धौली आणि जौगड येथे तो कोरलेला नाही. त्याऐवजी तिथे वेगळे लेख आहेत. असे का असावे, हा प्रश्न मुलापुढे ठेवून आपण गप्प बसावे. त्यासाठी निवडलेल्या भाषांतरात प्रत्येक लेख कोणकोणत्या ठिकाणी सापडला याची नोंद असायला हवी; ती नसेल तर दुसरे शोधावे.

सनावळीसाठी भिंतीवर लावता येईल अशी लांब कालपट्टी घरीच तयार करावी, आणि इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, हे ती आखतानाच दाखवून द्यावे. ‘सुमारे’ हा शब्द ज्या पुस्तकात जवळजवळ कुठेच येत नाही, त्याविषयी शंका घ्यावी. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचा काळ इ.स.पू. १७९२ ते १७५० असा बेधडक छापला जातो, पण तो ‘मध्यम कालगणना’ नावाच्या एका पद्धतीनुसार आहे आणि दुसरी पद्धत घेतली की तोच राजा काही दशके मागे-पुढे सरकतो. अवशेषांतील कार्बनवरून त्यांचे वय ठरवणाऱ्या कार्बन-१४ पद्धतीवर एक छोटा पाठ विज्ञानाच्या तासाला जोडून घेतला तर उत्तमच.

नकाशांचे पुस्तक निवडताना किनारे आणि नद्या पाहाव्यात. मिलेटस हे आजच्या तुर्कस्तानातले प्राचीन बंदर होते, पण मिआंडर नदीच्या गाळामुळे त्याचे अवशेष आज समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत आहेत. आजच्याच किनाऱ्यावर प्राचीन नावे चिकटवलेला नकाशा असले बदल लपवतो. अंतराचा अंदाज यावा म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ‘ऑर्बिस’ हा प्रकल्प दाखवावा, त्यात रोमन जगातल्या दोन ठिकाणांमधील प्रवासाला ऋतूनुसार किती दिवस लागत याचा हिशेब मिळतो.

संग्रहालयांच्या संकेतस्थळांमुळे घरबसल्या पुष्कळ पाहता येते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून स्वामित्वहक्कातून मोकळ्या झालेल्या वस्तूंची छायाचित्रे मुक्त वापरासाठी खुली केली आहेत, ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांसाठी टफ्ट्स विद्यापीठाचे ‘पर्सियस’ आहे, आणि मेसोपोटेमियातील कीलाकार (खिळ्याच्या आकाराच्या खुणांच्या) लिपीतील लाखो पाट्यांची नोंद ‘क्यूनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पात आहे. इथे मुलाला एकच सवय लावावी: वस्तूचे सौंदर्य पाहण्याआधी ती कुठे सापडली ही नोंद वाचायची. उत्खननात थरासह नोंदलेली वस्तू आणि बाजारातून विकत घेतलेली वस्तू यांचे पुरावा म्हणून मोल सारखे नसते. माहितीपट आणि ऐतिहासिक कादंबऱ्या वर्ज्य नाहीत, पण त्या अभ्यासाच्या तासात मोजू नयेत.

धर्मग्रंथ आणि महाकाव्ये कोणत्या नात्याने वाचायची, हे पालकांनी आपसात आधीच बोलून घ्यावे, नाहीतर मुलाच्या पहिल्याच प्रश्नाला घरात दोन उत्तरे मिळतात. आपल्या परंपरेचा ग्रंथ आणि परक्या परंपरेचा ग्रंथ यांना वेगवेगळी मोजपट्टी लावणारे पुस्तक, ते आपल्या बाजूने का असेना, या वयाच्या मुलाच्या हाती देऊ नये. आमच्याकडे अशा एका पुस्तकावरून मुलीनेच मला अडवले होते, आणि ते परत करण्याखेरीज माझ्यापुढे मार्ग उरला नाही.

आता पहिल्या आठवड्याचे साहित्य तेवढे एका पाकिटात घालून ठेवावे. मी त्यासाठी पॉम्पेई, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेलेले रोमन शहर, निवडले होते. उद्रेक पाहिलेल्या धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली दोन पत्रे, त्या पत्रांच्या हस्तलिखितावरून रूढ झालेली उद्रेकाची २४ ऑगस्ट, इ.स. ७९ ही तारीख, आणि २०१८ मध्ये तिथल्या एका घराच्या भिंतीवर सापडलेल्या, कोळशाने लिहिलेल्या मजकुराचे छायाचित्र, एवढेच त्यात होते. त्या मजकुरात ऑक्टोबरच्या मध्याची तारीख आहे, वर्ष मात्र नाही. कोळसा फार काळ टिकत नाही म्हणून तो उद्रेकाच्या थोडाच आधीचा असावा, असा एक तर्क आहे. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही तारखा लिहायच्या, प्रत्येकीखाली तिचा आधार लिहायचा, आणि शेजारी पेन्सिलने आपला कौल द्यायचा, म्हणजे पुढे मत बदलले तर खोडता येते.