मधला ओटा नको, भिंतीला दगड हवा: 8 बाय 10 च्या स्वयंपाकघराची आखणी

8 फूट रुंद आणि 10 फूट लांब. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये साधारण एवढंच स्वयंपाकघर वाट्याला येतं. त्यात मधला ओटा, म्हणजे आयलंड, बसवायचा विचार असेल तर आधी बेरीज करा. भिंतीलगतचा ओटा 2 फूट, उभं राहायला आणि ट्रॉली उघडायला साडेतीन फूट, मधला ओटा 2 फूट, त्याच्या पलीकडून जायला 3 फूट. साडेदहा फूट झाले, आणि आपल्याकडे आहेत 8.

तो नाद सोडला की मधे जवळजवळ 6 बाय 8 फुटांची फरशी मोकळी राहते. विळी घेऊन बसायला, दिवाळीत चकल्या पाडायला, घरात पाहुणे असले की चार जणींनी एकदम कामाला लागायला हीच जागा लागते. मात्र सगळा स्वयंपाक भिंतीकडे सरकतो. फोडणीचं तेल, सिंकचं पाणी, मिक्सरचे शिंतोडे, सगळं ओट्यामागची भिंत झेलते. म्हणून त्या भिंतीच्या दगडाचा, म्हणजे डॅडोचा, विचार ओट्याच्या बरोबरीने करायचा. नंतर उरलेल्या पैशात नव्हे.

1. आधी ओटा आखा

खिडकी 8 फुटी भिंतीला आहे असं धरू. ओटा एल आकाराचा घ्या: खिडकीखाली पूर्ण 8 फूट, लांब भिंतीला साडेसात फूट आणि शेवटी फ्रिजला अडीच फूट. सिंक खिडकीच्या भिंतीला, कोपऱ्यापासून 4 फूट सोडून. शेगडी लांब भिंतीला, कोपऱ्यापासून साडेतीन फुटांवर. म्हणजे सिंक आणि शेगडीच्या मधला कोपरा चिरायला, लाटायला सलग मिळतो, आणि शेगडी व फ्रिजमध्ये दीड फूट अंतर राहतं. शेगडी खिडकीखाली घेऊ नका, वाऱ्याने ज्योत हलते.

उंची ठरवताना रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सरळ उभं करा आणि कोपर काटकोनात वाकवायला सांगा. कोपराच्या 4-5 इंच खाली ओटा हवा. बहुतेकांना 32 ते 34 इंच बसते. ज्या घरात रोज पंचवीस-तीस पोळ्या होतात तिथे 32 कडे झुका, लाटताना खांद्यातून जोर देता येतो.

2. दगड: घरी आणून लिंबू पिळा

दुकानात सगळेच दगड देखणे दिसतात. आवडलेल्या दोन-तीन दगडांचे चार इंची तुकडे मागून घ्या. प्रत्येकावर थोडं लिंबू, थोडं कोकमाचं आगळ आणि हळद घातलेलं तेल टाका. रात्रभर राहू द्या, सकाळी धुवा आणि तुकडा उजेडात तिरका धरून पाहा. लिंबाच्या जागी चमक गेली असेल तर त्या दगडात चुना आहे. तो डाग नसतो, आम्लाने दगडाचा पृष्ठभागच खाल्लेला असतो, आणि तो घासून जात नाही.

या परीक्षेत संगमरवर नापास होतो, मग तो मकराण्याचा असो की परदेशी. कडप्पा, कोटा आणि शहाबादी हे चुनखडीचेच दगड, तेही आम्लाने पांढुरके पडतात. ग्रॅनाइट लिंबाला दाद देत नाही. पण फिकट रंगाचं ग्रॅनाइट तेल पितं, म्हणून ते निवडलं तर सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बंद करणारा द्रव, लागतोच. आंध्रातल्या चिमाकुर्तीचं ब्लॅक गॅलेक्सी किंवा तसं गडद, घट्ट ग्रॅनाइट सगळ्यात बिनघोर. क्वार्ट्झमध्ये दगडाच्या चुऱ्याला रेझिनने बांधलेलं असतं. बर्नरच्या आचेने ते रेझिन पिवळं पडतं, त्यामुळे शेगडीमागे क्वार्ट्झ नको.

संगमरवरावरच मन जडलं असेल तर तो फ्रिजकडच्या टोकाला, सुक्या भागात लावा आणि शेगडी-सिंकमागे ग्रॅनाइट घ्या. शेगडीमागे पॉलिशच हवं. लेदर फिनिशच्या आणि खडबडीत पट्ट्यांच्या खाचांमध्ये तेलावर धूळ बसते, ती महिनाभरात चिकट होते आणि मग ब्रशनेही निघत नाही.

3. किती लागेल

डॅडो ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत 24 इंच. लांब भिंत साडेसात गुणिले 2, म्हणजे 15 चौरस फूट. खिडकीची भिंत 16, त्यातून 4 फुटी खिडकीचा भाग साधारण 5 वजा, राहिले 11. चिमणी शेगडीच्या वर 26 ते 30 इंचांवर बसते, तेव्हा तिथे दगड सहा इंच वर न्यावा लागतो, त्याचे दीड. एकूण साडेसत्तावीस. तुटफुटीचे दहा-बारा टक्के धरून 30 ते 31 चौरस फूट घ्या. खिडकीच्या उंबऱ्याचे 3 वेगळे. 18 मिलिमीटर दगडाचं वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो, म्हणजे भिंतीवर सव्वाशे किलो चढतात. ओटा आणि डॅडो एकाच लॉटमधून घ्या, दुसऱ्या लॉटचा रंग जुळत नाही.

4. जाडीचा हिशेब

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. 18 मिलिमीटर दगड आणि मागे 10 मिलिमीटर मसाला, म्हणजे भिंत इंचभराहून जास्त पुढे येते. 24 इंची ओटा 23 इंचाचा होतो आणि सिंकचा नळ भिंतीला चिकटतो. म्हणून ओट्याचा दगड 25 इंच रुंद कापा आणि सिंक, हॉबची (ओट्यात बसवायच्या शेगडीची) मापं डॅडोच्या पुढच्या अंगापासून धरा. ट्रॉलीवाल्यालाही डॅडो झाल्यावरच मापाला बोलवा.

तीच गोष्ट विजेच्या बॉक्सची. प्लास्टरच्या पातळीत बसवलेला बॉक्स दगड लागल्यावर आत खोल जातो आणि प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत. वायरमनला जाडी आधी सांगा. मिक्सरसाठी 6 अँपियरचे दोन पॉइंट, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शनला 16 अँपियरचे स्वतंत्र, सगळे ओट्यापासून 10 इंच वर. शेगडीच्या डोक्यावर एकही नको, सिंकपासून 2 फूट दूर.

5. बसवणं

ओटा आधी, डॅडो नंतर, म्हणजे डॅडोचा भार ओट्यावर टेकतो. भिंतीवरचा रंग आणि जिप्सम पूर्ण काढा, छिन्नीने टोचे मारा, ओळंबा लावा. दगडाच्या पाठीला जाळी चिकटवलेली असेल तर नुसतं सिमेंट धरत नाही. जाळी घासून काढा किंवा इपॉक्सी अ‍ॅडहेसिव्ह वापरा. इतर ठिकाणी आयएस 15477 या भारतीय मानकाप्रमाणे टाइप 3 किंवा वरचं अ‍ॅडहेसिव्ह घ्या, फिकट दगडाला पांढरं, कारण राखाडी रंग आरपार दिसतो.

चार कोपऱ्यांना मसाल्याचे गोळे लावून दगड दाबण्याची सवय अनेक कारागिरांना असते. ती चालू देऊ नका. मागे पोकळी राहते, तिथे झुरळं होतात आणि सॉकेटपाशी दगड तडकतो. खाचांच्या कर्णीने पूर्ण पाठीला मसाला ओढायला सांगा. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून पाहा. ठणठणीत आवाज ठीक, बद्द आवाज आला तर तो तुकडा तेव्हाच काढायला लावा.

सॉकेटचा चौकोन कापण्याआधी चारही कोपऱ्यांत 6 मिलिमीटरची भोकं पाडायची. थेट काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून चीर सुरू होते.

जोड शेगडीमागे येऊ देऊ नका. उभे जोड दीड-दोन मिलिमीटर ठेवून इपॉक्सी ग्राउट, म्हणजे जोड बुजवायचा मसाला, भरा. पांढरं सिमेंट तेलाने काळं पडतं. ओटा आणि डॅडोच्या मधल्या फटीत मात्र ग्राउट नको, कारण ओटा किंचित हलतो आणि ग्राउट फुटतं. तिथे न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन आम्ल सोडतं, त्याने संगमरवर खराब होतो.

6. सीलर आणि पहिले डाग

मसाला पूर्ण सुकायला आठ-दहा दिवस द्या. ओल असताना सीलर लावला तर आतला दमटपणा अडकून दगड काळपट दिसतो. मग दोन हात लावा आणि जास्तीचा लगेच पुसा. वर्षाने पाण्याचा थेंब पंधरा मिनिटं ठेवून पाहा. खालचा दगड गडद झाला तर सीलर पुन्हा लावायची वेळ झाली.

रोज भांड्यांचं सौम्य लिक्विड आणि कोमट पाणी. बाथरूमचं अ‍ॅसिड डॅडोजवळ आणूच नका. तेल मुरलं तर खायच्या सोड्याचा पाण्यात केलेला घट्ट लेप पाव इंच जाड थापा, वर प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि 24 तास ठेवा. प्लास्टिक काढून लेप सुकू द्या, मग खरवडा. जुन्या डागाला दोन-तीनदा करावं लागतं. हळदीचा रंग उन्हात उडतो, तेव्हा खिडकीजवळच्या पिवळ्या डागाला घासण्याआधी थोडे दिवस ऊन लागू द्या.