रँडम व्हेरिएबलची गणितं चुकायलीत? या चुका टाळा

बारावीच्या गणितात प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन आणि बायनॉमियल हे दोन धडे भाग दोनच्या पार शेवटाला येतेत, तोवर लातूर काय अन् नांदेड काय, पोरं इंटिग्रेशननं दमलेली असतेत, मग सूत्रं पाठ करायची आणि उरकायचं. आणि सूत्र तोंडपाठ असूनबी उत्तर चुकतं. कामून? एक्स (रँडम व्हेरिएबल) म्हणजे आपण नेमकं काय मोजायलोत हेच वहीत लिहिलेलं नसतं. ती एक ओळ आधी लिहा, मग पुढं जावा.

दोन नाणी उडवली, एक्स म्हणजे किती छापे आले, किमती ०, १, २. आता तीन किमती दिसल्या की लै जण सरळ १/३, १/३, १/३ वाटून मोकळे होतेत! अहो निकाल चार आहेत, त्यातले छापा-काटा आणि काटा-छापा दोन्ही १ कडं जातेत, म्हणून १/४, १/२, १/४.

संभाव्यता के मधी दिलेल्या असतेत आणि के काढायचा असतो, अशा गणितात सगळ्यांची बेरीज १ धरून १०के² + ९के − १ = ० असं आलं, तर के = १/१० किंवा −१. मायनसवाला सोडून द्यायचा, पण का सोडला ते लिहा (संभाव्यता ऋण नसती), नुसता खोडू नका.

एफवाल्या गणितात (एफ म्हणजे त्या किमतीपर्यंतच्या सगळ्या संभाव्यतांची बेरीज) ≤ आणि < मधला फरक बघा. पी म्हणजे संभाव्यता, तर पी(२ ≤ एक्स ≤ ५) म्हणजे एफ(५) − एफ(१), पूर्णांक किमती असतील तर. एफ(२) वजा केलं की २ ची संभाव्यताच गायब होती.

आता सगळ्यात मोठा घोळ, अपेक्षित मूल्य. फाशाचं ३.५ येतं, आणि फाशावर साडेतीन नसतं म्हणून काहीजण ४ करून टाकतेत. तसं करायचं नसतं, ती लांबच्या पल्ल्याची सरासरी आहे. आपल्याकडचंच बघा, सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के लागती, समजा बियाणं बरोबर ७० टक्क्याचं आहे आणि तुम्ही ओल्या गोणपाटात १० दाणे ठेवले, तर अपेक्षित ७. पण नेमके ७ उगवायची संभाव्यता किती? बायनॉमियलचं सूत्र लावा, १२० × ०.७⁷ × ०.३³ (१० तले ७ दाणे निवडायचे १२० प्रकार), म्हणजे ०.२७ च्या आसपास, चारातून एखाद्या वेळेस! पाच किंवा त्याहून कमी उगवायची १५ टक्के आहे, म्हणजे बियाणं चांगलं असूनबी दुकानदाराशी भांडण व्हायची सोय. म्हणून तर १०० दाणे मोजून ठेवा म्हणतेत, तिथं प्रमाण विचलन (सरासरीपासून नेहमीचा फरक) साधारण ४.६ दाण्यांचं येतं, शंभरात तेवढा फरक चालतो. आणि त्या सूत्रातला १२० विसरलात की उत्तर ०.००२२ येतं. सगळ्यात जास्त शक्यता असलेल्या किमतीला एवढीशी संभाव्यता कशी काय, एवढा प्रश्न पडला तरी चूक सापडती.

बायनॉमियल दिसल तिथं लावू नका, दर वेळेस पी तोच राहत असल तरच लावा. ५२ पत्त्यातून दोन पत्ते काढले आणि पहिला परत ठेवला नाही तर दुसऱ्या वेळेस पी बदलला, दोन्ही एक्के यायची संभाव्यता १/२२१. परत ठेवला तरच १/१६९. गणितात "परत न ठेवता" हे तीन शब्द आहेत का ते आधी शोधा.

व्हेरियन्स (एक्सच्या वर्गाची सरासरी वजा सरासरीचा वर्ग) ऋण आला तर बहुतेक एक्सचा वर्ग करायचा सोडून पी चा वर्ग केलेला असतो. धन आला म्हणजे बरोबरच असंबी नाही, फाशाच्या गणितात वर्गांची सरासरी ९१/६ मधून ३.५ चा वर्ग न करता तसाच वजा केला तर ११.६७ येतं, आणि किमती १ ते ६ च्या मधातच असतील तर व्हेरियन्स ६.२५ च्या वर जाऊच शकत नाही. खरं उत्तर ३५/१२, म्हणजे २.९२.