कापूस वेचणीच्या दिवसांत मळ्यात चित्रं काढताय? या चुका टाळा

शरद ऋतू म्हटला की चित्रकाराला निवांतपणा सुचतो. खानदेशात मात्र दसरा-दिवाळी म्हणजे शेतावरची सगळ्यात मोठी धांदल. वेचणी, मक्याची मळणी, दादर ज्वारीची पेरणी, सगळं एकदमच. मळ्यात मुक्काम टाकलेल्या चित्रकाराच्या बहुतेक अडचणी हा हंगाम न ओळखल्यानं येतात.

सगळ्यात धोक्याची चूक आधी सांगतो. तैलरंगाचं काम झालं की जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकायची सवय अनेकांना असते. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. फडकी चुरगळलेली असली तर उष्णता आत कोंडते आणि ठिणगी न पडताही बोळा पेटू शकतो. त्यात भाव वाढेल या आशेवर आपल्याकडे कापूस घरातच, कधी आढ्यापर्यंत रचलेला! फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवा. आणि टर्पेंटाईनसाठी फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली घेऊ नका, कितीही धुतली तरी.

जलरंग कागदावर फुटतोय, तपकिरी ठिपके दिसतायत? पावसाळ्याच्या दमटपणानं कागदाची खळ, म्हणजे पाणी लगेच मुरू न देणारा थर, गेली आहे. पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच मुरला तर रंगाचा नाद सोडा, तो कागद कोळशाच्या रेखाटनाला ठेवा.

ऑक्टोबरच्या उन्हात उलटी तऱ्हा. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, पुरा व्हायच्या आत कडा वाळून रेघ उमटते. कागद मागूनही ओला करा, काम सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी बांधावर बसून राहण्यात काही मर्दुमकी नाही. चाळीसगावचे कलावंत केकी मूस वर्षानुवर्षं घरातच राहिले आणि टेबलावर छोट्या वस्तू मांडून छायाचित्रांत अख्खे देखावे उभे करत गेले.

ओल्या तैलचित्रावर मळणीचा भुसा आणि कापसाचे तंतू बसतातच. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून, पुढे झुकवून ठेवा. चिकटलेला तंतू ओल्यात उपसू नका, रंग ओढला जातो. वाळल्यावर चिमट्यानं काढा. काळ्या जमिनीला ट्यूबमधला काळा लावाल तर ती डांबरी सडक दिसेल. बर्न्ट अंबरच्या तपकिरीत अल्ट्रामरीन निळा मिसळा.

कपाशीची पानं लालभडक झाली की हात शिवशिवतात. ज्याची कपाशी, त्याच्यासमोर मात्र ‘काय रंग आलाय!’ म्हणू नका. तो लाल्या आहे, कपाशीची पानं लाल पाडणारा विकार. शेतकऱ्याचं उत्पन्न चाललंय.

वेचणाऱ्या बायांना ‘जरा तसंच थांबा’ म्हणणं तर नकोच. मजुरी किलोवर असते, थांबलेला हात म्हणजे बुडालेला पैसा. चालत्या हातांची झटपट रेखाटनं करा. एखादीला बसवायचंच असेल तर आधी विचारा, भाकरीच्या सुट्टीत बसवा आणि तेवढ्या वेळाचे पैसे द्या. काढलेलं दाखवाही. नाक कुणाचं आलंय, हे बाकीच्या बाया लगेच सांगतात.