फराळ विकून देणगी जमवताना
दिवाळीत सोसायटीतल्या बायकांनी मिळून फराळ करून एखाद्या वृद्धाश्रमाला मदत करायची असेल, तर आधी ऑर्डरी आणि पैसे घ्या, मगच भाजणी दळायला टाका. जिचा हात ज्यात बसलाय तेच तिला द्या. चकलीवालीला करंज्या लाटायला बसवू नका. शिवणकाम येणारीने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवाव्यात, फराळाबरोबर हातोहात जातात. तेल, तूप, काजू, गॅस सगळं वहीत लिहा. ‘अगं, घरचंच तेल होतं’ म्हणणारीचंसुद्धा! आम्ही ते धरलं नाही आणि पहिल्या वर्षी चिवडा चक्क तोट्यात विकला. देणगी चेकने किंवा ऑनलाइन द्या, पावती घ्या; २००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही.