कवीने मुलांसाठी परीकथा कशी लिहावी

कविता लिहिणाऱ्याला मुलांसाठी लहरी परीकथा लिहिणे सहज जमेल, असे पुष्कळांना वाटते. कल्पनाशक्ती, नादाची जाण आणि शब्दांचा सोस त्याच्याजवळ असतोच. पण कथेला त्यांचाच भार होण्याचा धोका मोठा असतो, कारण मूल सुंदर ओळीपाशी रेंगाळत नाही, त्याला 'मग काय झालं?' एवढेच हवे असते. म्हणून कवीने आपल्या प्रतिमा टाकून न देता त्यांना कामाला लावावे. कवितेत जी उपमा असते, ती परीकथेत घटना झाली पाहिजे.

'रात्र काळ्या चादरीसारखी पसरली' ही ओळ घ्या. कवितेत ती फार तर खपून जाईल. कथेत तिचा काहीच उपयोग नाही. आता ती चादर खरोखरीची आहे असे धरा. रोज पहाटे कोणीतरी तिची घडी घालत असणार, आणि कधीतरी ती मळतही असणार. ती धुतली आणि संध्याकाळपर्यंत वाळलीच नाही, तर घुबडांनी उठायचे केव्हा? तिच्यावर टाचलेल्या चांदण्या तोवर ठेवायच्या कुठे? हे प्रश्न पडले की गोष्ट सुरू झालीच. आपल्या वहीत पडून राहिलेल्या प्रतिमांना असे साधे, व्यवहारी प्रश्न विचारून पाहावेत. जी प्रतिमा उत्तरे देऊ लागेल, तीच कथेसाठी निवडावी.

लहर म्हणजे मनाला येईल ते नव्हे, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. कथेतल्या जगाला एक विचित्र नियम द्यावा आणि तो शेवटपर्यंत पाळावा. अमेरिकन कवी कार्ल सँडबर्ग यांनी आपल्या मुलींसाठी रचलेल्या कथा 1922 साली 'रूटाबागा स्टोरीज' या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या पहिल्याच कथेत एक बाप ठरवतो की मुलांनी आपली नावे आपणच ठेवावीत. बोलायला लागल्यावर मूल जे पहिले शब्द उच्चारील, तेच त्याचे नाव. त्यामुळे मुलाचे नाव 'प्लीज गिमी' होते आणि मुलीचे 'ॲक्स मी नो क्वेश्चन्स'. ही नावे कितीही अजब असली तरी ती नियमातून आलेली आहेत, म्हणून ती मुलांना पटतात. मुले जादूवर विश्वास ठेवतात, पण दिलेला नियम मोडलेला त्यांना मुळीच खपत नाही. चादर वाळली नाही म्हणून रात्र झाली नाही, असे एकदा सांगितले की पुढच्या पानावर चंद्र उगवता कामा नये.

भाषेच्या बाबतीत कवीचा कान खरा उपयोगी पडतो. कथा गद्यात असली तरी ती मोठ्याने वाचली जाणार आहे, तेव्हा प्रत्येक परिच्छेद लिहून होताच स्वतः मोठ्याने वाचावा आणि जिथे जीभ अडखळते तिथे खूण करावी. 'चांदणी जमिनीवर पडली आणि तिचा बारीक आवाज झाला' या वाक्यात आवाजाची केवळ माहिती मिळते. 'चांदणी पडली. टिण्ण! एवढाच आवाज, पण चादर पिळणाऱ्या म्हातारीने तो ऐकला' असे लिहिले की आवाज ऐकू येतो आणि कथाही एक पाऊल पुढे जाते. नादशब्द मोजके ठेवावेत, कारण सगळीकडेच रुणझुण आणि झुळझुळ सुरू झाली की कान विटतो. यमक तर अगदीच जपून वापरावे.

पालुपदाला मात्र कचरू नये. रशियन कवी पुश्किन यांच्या 1831 सालच्या झार साल्तानच्या पद्यकथेत दर सफरीच्या वेळी वारा आणि गलबताच्या त्याच ओळी पुन्हा येतात, आणि त्या आल्या की पुढचा प्रवास सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळते. पालुपद असेच कथेच्या सांध्यावर असावे. दोन-तीन वेळा ऐकल्यावर मूल ते स्वतःच म्हणू लागते.

विशेषणे निम्मी काढावीत. 'अनंत', 'व्याकूळ', 'अथांग' असे शब्द मोठ्यांच्या कवितेतून नकळत येतात. त्यांच्या जागी हाताला लागेल अशी वस्तू ठेवावी, म्हणजे चिमटा, बादली, दोरी. लाडिक बोबडेपणा तर पूर्णपणे टाळावा. मुलाशी बरोबरीच्या नात्याने बोलावे, एखादा अवघड शब्द आलाच तर येऊ द्यावा.

दुःखालाही कथेत जागा असावी. सँडबर्ग यांच्याच एका कथेत दोन गगनचुंबी इमारती ठरवतात की आपले मूल आपल्यासारखे जागेला खिळलेले नसावे. त्यांचे मूल म्हणजे एक आगगाडी होते, पुढे तिला अपघात होतो आणि त्या इमारतीही उरत नाहीत. हे सगळे कवी साध्या वाक्यांत सांगतो, सांत्वनाला धावत नाही. माझ्या मते कवीने लिहिलेल्या परीकथेचे खरे बळ या संयमात आहे, आणि नेमके तेच शेवटी तात्पर्य जोडल्याने वाया जाते. घटना संपली की लेखणी थांबवावी.

मसुदा झाल्यावर तो एखाद्या मुलाला वाचून दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच गोष्ट सांगायला लावावे. सांगताना त्याने जे गाळले, ते बहुधा आपल्या हौसेसाठी लिहिलेले असते. पुढच्या खर्ड्यात ते आधी कापावे.