शेलिंग यांचा खेळ: बुद्धिबळाच्या पटावर वस्ती मांडून बघा

गेम थिअरी, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं शास्त्र, शिकवताना मी सूत्रं नंतर काढते, आधी पट मांडायला लावते. टॉमस शेलिंग (1921–2016) यांचा हा खेळ त्यासाठी मला सगळ्यात जवळचा वाटतो. 1960 मध्ये संघर्ष आणि वाटाघाटींच्या डावपेचांवर पुस्तक लिहिणाऱ्या आणि 2005 मध्ये रॉबर्ट ऑमन यांच्यासह नोबेल मिळवणाऱ्या या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने एक साधा प्रश्न धरला होता: शेजार पूर्ण आपल्यासारखाच हवा असं कुणाचंच म्हणणं नसेल, तरी वस्त्या गोऱ्या आणि काळ्या अशा फुटू शकतात का? संगणक न वापरता, नाणी सरकवून त्यांनी ते तपासलं.

पट, दोन रंगांची 30-30 बटणं आणि 64 चिठ्ठ्या घ्या. घरांना क्रमांक द्या आणि तेच चिठ्ठ्यांवर लिहा. चार कोपरे रिकामे ठेवून उरलेली 60 घरं आळीपाळीने भरा, शेजारच्या घरात दुसरा रंग.

आता नियम. तिरकी धरून भोवतालची आठ घरं म्हणजे शेजार. एकच शेजारी असेल तर तो आपल्या रंगाचा हवा. दोन असतील तर किमान एक. तीन ते पाच असतील तर दोन. सहा ते आठ असतील तर तीन. म्हणजे आठांपैकी पाच परके चालतात! बऱ्यापैकी मोकळं मन आहे हे.

कोपरे का सोडले ते नक्की तपासा, शेलिंग यांची नजर तिथे दिसते. कोपऱ्यातल्या बटणाला तीन शेजारी, त्यांतला फक्त तिरका आपला. त्याचं भागत नाही. कोपरे सोडले की पटावर एकही बटण नाराज नसतं. पूर्ण मिसळलेली आणि पूर्ण समाधानी वस्ती.

ती थोडी हलवा. भरलेल्या घरांच्या 20 चिठ्ठ्या काढून तिथली बटणं उचला. मग रिकाम्या 24 घरांतून पाच चिठ्ठ्या काढा आणि छापा-काटा करून रंग ठरवत त्या घरांत बटणं ठेवा. फोटो काढून ठेवा.

आता एका टोकापासून नाराज बटणं शोधा. प्रत्येकाला नियमात बसणाऱ्या सर्वांत जवळच्या रिकाम्या घरात न्या. इथे घाई नको. प्रत्येक हालचालीनंतर जुना आणि नवा, दोन्ही शेजार मोजा. गेलेल्या बटणामुळे मागच्या सोबत्यांचा एक आपला माणूस कमी होतो, आणि जिथे ते पोचतं तिथल्या दुसऱ्या रंगाच्यांना एक परका वाढतो. काल समाधानी असलेलं बटण आज न हलता नाराज होतं. एकाचा निर्णय दुसऱ्याची परिस्थिती बदलतो. गेम थिअरीचा गाभा हाच.

कुणीच नाराज उरलं नाही की थांबा. फोटोशी ताडून पाहा: बहुतेक वेळा रंगांचे ठळक पुंजके झालेले असतात, कुणी मागितले नव्हते तरीही.

यावरून अमेरिकेतल्या वस्त्या निव्वळ अशाच फुटल्या असा निष्कर्ष मात्र काढू नका. तिथे कृष्णवर्णीयांना घरं आणि कर्जं नाकारली गेली, आणि उत्पन्नातली दरीही होती. संघटित भेदभाव आणि आर्थिक कारणं वेगळी असल्याचं शेलिंग स्वतःही मांडतात.

पुढच्या डावात किमान निम्मे शेजारी आपले हवेत असा नियम लावा, आणि क्रम बदलून उलट्या टोकापासून सुरुवात करा.