मुलांना बीथोव्हेन सांगताना या चुका टाळा

पाश्चात्य संगीतकार बीथोव्हेनच्या बहिरेपणापासून सुरुवात करू नका. सांगलीत दर उन्हाळ्यात मी मुलांचा वाचनवर्ग घेते आणि पाहुणे येतात ते हमखास तिथूनच सुरू करतात. "ऐकू येत नव्हतं तरी एवढा मोठा झाला, आणि तुम्ही?" एवढं कानावर पडलं की मुलं माना खाली घालतात. पुढचं काही आत जात नाही.

मीही एकदा हेच केलं. बॉनमधलं बालपण, दारूच्या आहारी गेलेले वडील, व्हिएन्ना, कान जाणं. चाळीस मिनिटं सांगत राहिले, पण सूर एकही ऐकवला नाही. शेवटी मिरजेहून येणारा एक मुलगा म्हणाला, "काकू, त्याला ऐकूच येत नव्हतं तर सूर कळले कुठून?" चूक माझी होती. १७७० साली जन्मलेल्या या माणसाचे कान बिघडू लागले ते तिशीच्या उंबरठ्यावर, पियानोवादक म्हणून व्हिएन्नात नाव झाल्यावर. तोवरचे सगळे सूर त्याच्यात साठलेले होते, आणि नेमकं हेच मी मुलांना सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी काढली. ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. त्याच्या नवव्या सिम्फनीतल्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेतल्या, चालीची ही पहिली ओळ सा ते प एवढ्यात बसते. त्या मुलाने पाच मिनिटांत ती बोटांत बसवली आणि मग विचारलं, "कुणाची आहे?" आता सांगायला अर्थ होता. ७ मे १८२४, व्हिएन्ना. सिम्फनी संपली, टाळ्या सुरू झाल्या, पण याची पाठ प्रेक्षकांकडे. कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला वळवलं, तेव्हा त्याला टाळ्या दिसल्या. वर्ग एकदम शांत झाला. तेव्हापासून मी आधी सूर देते, माणूस नंतर.

अख्खी सिम्फनी लावून मुलांना बसवून ठेवू नका. नववी तासाहून मोठी आहे आणि गाणारे येतात ते थेट चौथ्या भागात. मी पाचव्या सिम्फनीचं पहिलं मिनिट तीनदा लावते. प प प आणि कोमल ग, मग म म म रे. ही ठेच जिथे जिथे ऐकू येईल तिथे हात वर करायचा. तिसऱ्या खेपेला मागच्या रांगेतलेही हात वर येतात.

"एका तासात मोझार्ट, बाख, बीथोव्हेन सगळे उरका" म्हणणाऱ्या पालकांना मी सरळ नाही म्हणते.

पाचव्या सिम्फनीच्या या सुरुवातीला "नशीब दार ठोठावतंय" म्हणतात, ती गोष्ट गाळा. ती त्याचा सचिव शिंडलर याने सांगितलेली, आणि याच शिंडलरने बीथोव्हेनच्या संभाषणवह्यांत मागाहून स्वतःची वाक्यं घुसडली. त्यापेक्षा त्या वह्याच मुलांना सांगा. १८१८ पासून बीथोव्हेनला भेटायला येणारे वहीत लिहायचे आणि तो बहुधा तोंडी उत्तर द्यायचा, त्यामुळे उरले ते बरेचसे प्रश्नच. मी तसेच प्रश्न फळ्यावर लिहिते आणि उत्तरं मुलांना लिहायला लावते. या तासाला कुणी घड्याळ बघत नाही.

त्याच्या एका पियानोरचनेचं 'मूनलाइट' हे नाव त्याने दिलेलं नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर रूढ झालं. म्हणून चांदण्याची गोष्ट रचून सांगू नका.

आणि मोबाइलच्या स्पीकरवर वाजवू नका. खर्जातली वाद्यं त्यात ऐकूच येत नाहीत.